वाईट गोळीचा हिशेब

२९ सप्टेंबर २०२३. हांगझोची आशियाई स्पर्धा, पुरुषांची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, अंतिम फेरी. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे बराच वेळ पहिल्या क्रमांकावर होता. गुडघ्यावर बसून झालं, झोपून झालं, उभ्यानं मारायच्या गोळ्याही संपत आल्या होत्या. तेवढ्यात एक गोळी ७.६ला गेली आणि हातात आलेलं पदक गेलं. स्वप्नील चौथा आला. रौप्यपदक त्याच्याच संघातल्या ऐश्वर्य प्रताप सिंग तोमरला मिळालं. त्या दिवशी हे दोघं आणि अखिल शेरॉन यांनी मिळून सांघिक सुवर्ण जिंकलं होतं, तेही १७६९ गुणांच्या विश्वविक्रमासह. म्हणजे नेमबाजी बिघडली होती असं म्हणायला जागा नाही. एक गोळी बिघडली होती.

पुढे दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ला, त्याच प्रकारात स्वप्नीलनं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला गेला, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण मिरवणुकीत नाचणाऱ्यांपैकी किती जणांना हा खेळ नक्की कसा चालतो हे ठाऊक होतं, याची मला शंका आहे. त्यात त्यांचा दोष नाही. क्रिकेटमध्ये चेंडू दिसतो, कुस्तीत डाव दिसतो. इथे माणूस हालत नाही, गोळी दिसत नाही, दिसतो तो फक्त पडद्यावरचा आकडा.

तेव्हा आधी आकडाच समजून घेऊ.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. शर्टाच्या बटणाएवढा. त्याच्या बाहेर आठ-आठ मिलिमीटरवर नऊ, आठ, सात अशी वर्तुळं येत जातात. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची असते आणि तिची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी तो गुण मिळतो. पात्रता फेरीत दहा म्हणजे दहा, नऊ म्हणजे नऊ असा पूर्णांकी हिशेब. अंतिम फेरीत मात्र दशांश मोजतात, आणि प्रत्येक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ०.८ मिलिमीटरच्या आत पडला तर १०.९. त्यापुढे गुणच नाहीत.

या हिशेबानं ७.६ म्हणजे मध्यापासून साधारण २७ मिलिमीटर दूर. अंतर ५० मीटर असल्यामुळे एका मीटरमागे जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यापासून रायफलच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर मीटरभराच्या आसपास असतं. म्हणजे गोळी सुटायच्या क्षणी नळीचं टोक अर्ध्या मिलिमीटरनं ढळलं, तर आशियाई पदक जातं. ही अतिशयोक्ती नाही, साधं त्रैराशिक आहे.

यातूनच या खेळाबद्दलची मुख्य गोष्ट कळते, आणि ती बाहेरच्या माणसाच्या समजुतीच्या उलटी आहे. या पातळीवर चांगली गोळी सगळेच मारतात. १०.५, १०.७ यांचं तिथे कोणाला अप्रूप नसतं. वाईट गोळी किती वाईट पडते आणि किती वेळा पडते, यावर करिअर ठरतं. हांगझो आणि पॅरिस यांच्यात फरक पडला तो तिथेच, आणि रायफलपासून निवड चाचणीपर्यंत सगळी व्यवस्था त्याच एका गोष्टीभोवती उभी आहे.

रायफल .२२ची. रेंजवर तिला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. वजन जास्तीत जास्त आठ किलो चालतं. मॅगझिन नाही, दर वेळी बोल्ट मागे ओढायचा, एक गोळी भरायची, बोल्ट बंद करायचा. दुर्बीण नाही. डोळ्याजवळ एका चकतीला बारीक भोक असतं आणि नळीच्या पुढच्या टोकाला एक कडी. भोकातून कडी दिसते, कडीच्या आत टार्गेटचा काळा गोल दिसतो. ही वर्तुळं एकात एक नीट बसली की नेम लागला. दहाचं वर्तुळ या अंतरावरून नुसत्या डोळ्यांना वेगळं दिसतच नाही. नेमबाज दहावर नेम धरत नाही, काळ्या गोलाभोवतीची पांढरी कड सगळीकडून सारखी आहे ना, एवढंच बघतो.

मग तो पोशाख. कॅनव्हास आणि चामड्याचं जाड जॅकेट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट. हे सगळं चढवून नेमबाज चालायला लागला की बघणाऱ्याला हसू येतं, कारण गुडघे आणि कंबर धड वाकत नाहीत. कापड जाड असण्याचं कारण असं की उभ्यानं मारताना आठ किलोची रायफल एका बाजूला धरल्यामुळे पाठ मागे कलते आणि पिळली जाते. जॅकेट त्या पाठीला आधार देतं. शिवाय शरीराची बारीक थरथर आणि हृदयाचे ठोके ते काही प्रमाणात गिळून टाकतं. पण जॅकेटच उभं राहायला लागलं तर माणसाचं कौशल्य कुठे राहिलं? म्हणून कापडाची जाडी एकेरी थराला २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि ते किती ताठ आहे हेही उपकरण लावून मोजतात. सामन्याआधी तपासणी होते, सामन्यानंतरही कोणालाही बोलावून पुन्हा मोजतात. तिथे नापास झालं की मारलेले गुण बाद.

आता तीन पोझिशन. नियमाचा क्रम आहे नीलिंग, प्रोन, स्टँडिंग.

नीलिंगमध्ये उजव्या हाताचा नेमबाज उजव्या टाचेवर बसतो, पावलाच्या वाकाखाली एक लोड ठेवतो, डाव्या गुडघ्यावर डावं कोपर टेकवतो. दंडाला बांधलेला पट्टा रायफलला अडकवलेला असतो, त्यामुळे रायफल हातानं उचलून धरावी लागत नाही, ती हाडांच्या तिकाटण्यावर टेकलेली असते. ऐकायला सोपं आहे. दहा मिनिटांत उजवं पाऊल बधिर होतं. सरावानं बधिर होणं थांबत नाही, त्याकडे लक्ष न देणं जमायला लागतं.

प्रोन म्हणजे पालथं झोपून, दोन्ही कोपरं जमिनीवर, पट्टा दंडाला. ही सर्वांत स्थिर पोझिशन, आणि म्हणूनच सर्वांत निर्दय. इथे सगळ्यांनाच जवळजवळ पैकीच्या पैकी मिळतात. इथला एक नऊ भरून काढायला दुसरी जागा नसते.

स्टँडिंगला पट्टा चालत नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, मुठीवर किंवा खाली लावलेल्या आधारावर रायफल तोलायची, कंबर पुढे, खांदे मागे. अशा पिळलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं रोज काही तास उभं राहिल्यावर पाठीचं काय होतं, हे सांगायला नको. रायफल नेमबाजांच्या पाठदुखीला हीच पोझिशन जबाबदार असते. अंतिम निकालही बहुतेक वेळा हीच ठरवते.

एक पोझिशन संपली की रायफल नव्यानं जुळवायची. गालाखालचा भाग वर-खाली करायचा, खांद्याला टेकणारा भाग सरकवायचा, नेमाची उंची बदलायची, पट्टा लावायचा किंवा काढायचा. पात्रता फेरीत हे सगळं धरून ६० गोळ्यांसाठी ९० मिनिटं मिळतात, प्रत्येक पोझिशनच्या २०. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. चावी हरवली, स्क्रू नीट बसला नाही, तर तो वेळ आपल्याच खात्यातून जातो.

आणि आता खुद्द एक गोळी. ती कशी सुटते ते जवळून बघण्यासारखं आहे.

नेमबाज पोझिशन घेतो, डोळे मिटतो, दोन श्वास घेतो, डोळे उघडतो. रायफल अजून टार्गेटवर आहे का? नसेल तर हातानं ढकलून ती टार्गेटवर आणायची नसते. स्नायूंनी ओढून आणलेली रायफल शेवटच्या क्षणी परत जिथली तिथे जायला बघते. म्हणून पावलं हलवायची, कोपर हलवायचं, सगळं शरीरच एखाद-दुसऱ्या अंशानं वळवायचं, इतकं की डोळे उघडल्यावर रायफल आपोआप मध्यावर असली पाहिजे. नवशिक्याला हे पटायला महिने लागतात, कारण हातानं सरळ करणं जास्त सोपं वाटतं आणि सुरुवातीला त्यानं गुणही मिळतात.

मग श्वास. आत घेतला की नळी खाली जाते, सोडला की वर येते. श्वास अर्धामुर्धा सोडून थांबायचं. आता वर्तुळं एकात एक बसलेली आहेत, पण स्थिर नाहीत. कधीच नसतात. काळा गोल कडीच्या आत बारीक तरंगत असतो, आणि तरंगण्याचा तो पट्टा लहान करणं म्हणजेच सगळा सराव. रेंजवर याला ‘होल्डिंग’ म्हणतात. ट्रिगरवर बोटाचा दाब आधीच अर्धा आलेला असतो. उरलेला दाब इतका कमी लागतो की ‘आता मारू’ असा विचार मनात आला तरी उशीर झालेला असतो. दाब वाढत जातो आणि गोळी सुटते. सुटल्यावरही डोळा, गाल, बोट जागेवरच ठेवायचे, कारण गोळी अजून नळीत असते.

हे सगळं पाच-सात सेकंदांत झालं तर ठीक. त्यापुढे डोळ्यांना जुनंच चित्र दिसत राहतं, प्राणवायू कमी पडतो, होल्डिंग पसरायला लागतं. अशा वेळी काय करायचं? रायफल खाली घ्यायची. गोळी मारायची नाही.

वाईट गोळी जन्मते ती याच ठिकाणी. ती बहुतेक वेळा अचानक आलेली नसते. नेमबाजाला आतून माहीत असतं की हे जमलेलं नाही, पण वेळ जातोय, हात भरून आलाय, गर्दी ओरडतेय, ‘जाऊ दे, मारून टाकू’. आणि तो मारतो. रायफल न मारता खाली घेणं हे या खेळातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे असं माझं मत आहे, आणि त्याला एकही गुण मिळत नाही.

म्हणून घरी ‘ड्राय प्रॅक्टिस’ करतात. गोळी न भरता, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, तेच सगळं, तासन् तास. नळीला ‘स्कॅट’सारखं यंत्र लावलं तर नळी कशी कशी फिरली याची रेघ पडद्यावर उमटते. गोळी दहाला लागली तरी रेघ सांगते की ती नशिबानं लागली. प्रशिक्षक गुण बघत नाही, रेघ बघतो.

माणसाच्या बाहेरच्याही काही गोष्टी असतात. .२२ची स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असते, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना ती विस्कटते. पण या गोळीला वारा लागतो. रेंजवर १० आणि ३० मीटरवर छोट्या झेंड्या लावलेल्या असतात. हलक्या झुळकीनंही गोळी काही मिलिमीटर सरकते, म्हणजे दहाचा नऊ व्हायला पुरेशी. नेमबाज एक तर नेमाच्या चाकाला एक-दोन क्लिक देतो, नाहीतर झेंडी मघाच्यासारखी होईपर्यंत थांबतो. थांबायला वेळ शिल्लक पाहिजे, आणि तो आधीच्या पोझिशनमध्ये वाचवलेला असावा लागतो.

गोळ्यांचंही तसंच. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधल्या गोळ्या एकाच रायफलमधून सारख्या जात नाहीत. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातात, रायफल साच्यात घट्ट बसवतात, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून बघतात, आणि ज्याचं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पडणं, सर्वांत घट्ट तो लॉट वर्षभरासाठी विकत घेतात. माणसाची चूक निस्तरता येते. गोळीतच दोष असला तर तो आपला की गोळीचा हे सामन्यात कळत नाही, आणि मग मन नको तिथे शंका घ्यायला लागतं.

पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसला नव्हतीच, ती झाली शातोरू या गावी. पात्रता फेरीत स्वप्नीलचे गुण होते नीलिंग १९८, प्रोन १९७, स्टँडिंग १९५; एकूण ६००पैकी ५९०, आणि त्यात ३८ वेळा अगदी आतलं दहा. प्रोनला तीन गुण गेले हे त्या मानानं महागातलं. तरी तो सातवा आला, आणि पहिले आठ अंतिम फेरीत जातात. हांगझोत ज्यानं रौप्य मिळवलं होतं तो ऐश्वर्य ५८९वर थांबला, अकरावा. एका गुणाचा फरक, म्हणजे साठांत एक नऊ जास्त.

अंतिम फेरीत पाटी कोरी होते. पॅरिसच्या नियमांनुसार नीलिंग १५, प्रोन १५, आणि मग स्टँडिंग. पाच-पाच गोळ्यांच्या मालिका, प्रत्येकीला ठरलेला वेळ: नीलिंगला २०० सेकंद, प्रोनला १५०, स्टँडिंगला २५०. चाळीस गोळ्या झाल्या की शेवटचे दोघं बाहेर. त्यापुढे एकेक गोळी, प्रत्येकीला ५० सेकंद, आणि प्रत्येक गोळीनंतर एक जण बाहेर. या ५० सेकंदांत रायफल एकदा खाली घेऊन पुन्हा उचलता येते. दोनदा घेतली तर अंगावर येतं.

स्वप्नीलची पहिलीच गोळी ९.६. नीलिंग संपलं तेव्हा १५३.३, सहावा क्रमांक. प्रोनला १५६.८, एकूण ३१०.१, पाचवा. स्टँडिंगच्या पहिल्या मालिकेत ५१.१, दुसरीत ५०.४. एकूण ४११.६, आणि तो तिसऱ्या क्रमांकावर आला. फार काही चमकदार घडलेलं नाही हे लक्षात घ्या. इतर घसरले, हा घसरला नाही. गुणफलकाकडे आपण पाहिलंच नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

मग एकेक गोळी. १०.५. ९.४. ९.९. १०.०. इथे तो थांबला, ४५१.४वर. चीनचा लिऊ युकुन ४६३.६ गुणांनी पहिला, युक्रेनचा सेर्ही कुलिश ४६१.३ गुणांनी दुसरा.

त्या चारांतली सर्वांत वाईट गोळी ९.४. मध्यापासून साडेबारा मिलिमीटर. हांगझोला ती सत्तावीस होती.

एवढ्या जागेपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात? स्वप्नीलचं गाव राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, वडील शिक्षक. २००९ला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तिथे आधी सगळ्या खेळांची मेहनत, मग एक खेळ निवडायचा. त्यानं नेमबाजी निवडली. पॅरिसच्या वेळी तो २८ वर्षांचा होता. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. अंजली भागवत, सुमा शिरूर आणि त्या, अशी मुंबईच्या रायफलची ती पिढी. महाराष्ट्रात या खेळाला जी परंपरा आहे ती या बायकांनी उभी केली, हे स्वच्छ सांगायला हवं.

वाट सगळ्यांना सारखीच. जिल्हा किंवा क्लब, मग राज्य स्पर्धा, मग पूर्व-राष्ट्रीय, मग राष्ट्रीय. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ला स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर. त्यांच्या नावानंच पूर्व-राष्ट्रीय स्पर्धा भरते. रेंजवरची पोरं ‘यंदा मावळणकर निघाली’ असं म्हणतात, तेव्हा मावळणकर कोण हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेल्या गुणांच्या वर गेलं की निवड चाचण्यांचं दार उघडतं.

२०१५ला स्वप्नीलनं कुवेतच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ज्युनिअर गटाचं प्रोनचं सुवर्ण जिंकलं आणि तुघलकाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रोनमध्येच गगन नारंग आणि चैन सिंग यांना मागे टाकलं. त्याच वर्षी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली. सहा महिन्यांचा पगार साठवून त्यानं स्वतःची पहिली रायफल घेतली. म्हणजे राष्ट्रीय पातळीपर्यंत मजल मारेपर्यंत ज्यानं मारलं ती रायफल त्याच्या मालकीची नव्हती.

आणि मग प्रोनच गेलं. रिओनंतर पुरुषांची ५० मीटर प्रोन ऑलिंपिकमधून वगळली, स्त्री-पुरुषांचे प्रकार समान करायचे म्हणून. कारण रास्त आहे. पण ज्यांनी आयुष्य त्या एका पोझिशनवर घातलं होतं त्यांनी काय करायचं? लंडनला जॉयदीप कर्माकर याच प्रकारात चौथा आला होता. त्याच्यामागून येणाऱ्यांना तो रस्ताच राहिला नाही. स्वप्नील वयानं लहान होता, त्यानं थ्री पोझिशनकडे मोर्चा वळवला आणि तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचं सुवर्ण घेतलं. पुन्हा टोकियोनंतर थ्री पोझिशनच्याच १२० गोळ्यांच्या ६० झाल्या. गोळ्या निम्म्या म्हणजे काम निम्मं असं वाटेल. प्रत्यक्षात चूक भरून काढायची जागा निम्मी झाली.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतची गोष्ट याहून चटका लावणारी. २०१०ला म्युनिकला ती ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, ५९७ गुण, विश्वविक्रमाची बरोबरी. पण महिलांची प्रोन ऑलिंपिकमध्ये कधी नव्हतीच. जगात पहिली येऊनही ऑलिंपिकचं दार बंद. थ्री पोझिशनमधून ती टोकियोला गेली तेव्हा चाळीस वर्षांची होती. त्याआधी २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं थ्री पोझिशनचं सुवर्ण जिंकलं होतं. या खेळात वय फारसं आडवं येत नाही. स्पर्धांचा कार्यक्रम ठरवणारी समिती येते.

शेवटचा अडथळा घरचाच. जागतिक किंवा आशियाई स्पर्धेत वरचा क्रमांक आला की ऑलिंपिकचा ‘कोटा’ मिळतो. पण तो देशाचा, खेळाडूचा नाही. २०२२ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत स्वप्नील चौथा आला (पुन्हा चौथा) आणि त्यानं एक कोटा आणला. दुसरा पुढच्या वर्षी अखिल शेरॉननं बाकूत आणला. मग २०२४च्या एप्रिल-मेमध्ये दिल्ली आणि भोपाळला चार चाचण्या झाल्या. चारपैकी सर्वांत कमी गुण सोडून द्यायचे, उरलेल्या तिन्हींची सरासरी. कोटा आणणाऱ्याला थोडे जादा गुण. यातून स्वप्नील गेला, आणि अखिलच्या जागी ऐश्वर्य गेला. १० मीटर एअर रायफलमध्ये तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२चा विश्वविजेता. कोटाही त्यानंच आणलेला. चाचण्यांनंतर तो घरी राहिला.

यावर बरीच आरडाओरड झाली. मला ही पद्धत कठोर वाटते, अन्यायाची वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या शिखरापेक्षा आज माणूस किती खाली येऊ शकतो, हे ती मोजते. एक वाईट दिवस माफ करते, दोन करत नाही. ऑलिंपिकमध्ये एकही माफ नसतो. फक्त एकच मागणं: चाचण्या आणि ऑलिंपिक यांच्यात थोडा जास्त अवकाश असावा, म्हणजे निवडलेल्याला दम घेता येईल आणि रुद्रांक्षसारख्या पोरांना पुढच्या हंगामाची जुळवाजुळव लवकर करता येईल.

पॅरिसनंतर अनेक पालक विचारत असतात, मुलाला नेमबाजीला घालायचं तर काय करावं. त्यांच्यासाठी थोडं. सुरुवात .२२नं होत नाही. ती १० मीटर एअर रायफलनं होते. तिच्या टार्गेटवरचं दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पण वारा नाही, आवाज नाही, छर्रे स्वस्त. .२२ला शस्त्रपरवाना लागतो आणि त्याला वेळ लागतो. ती पुढची पायरी. कोल्हापूरला दुधाळीची रेंज आहे, पुण्याला म्हाळुंगे-बालेवाडी, मुंबईला वरळी, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी. जाऊन आधी एक सकाळ नुसतं बसून बघा. मुलाला तिथलं शांत बसणं आवडतंय का, तेवढं पाहा. गोळ्या किती दहाला लागतात हे पहिल्या वर्षी पाहू नका.

आणि रायफल विकत घेऊ नका. क्लबची रायफल मिळते, स्वप्नीलचीही सुरुवातीची वर्षं दुसऱ्याच्याच रायफलवर गेली. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी जॅकेटवर करा, कारण ते मात्र मुलाच्या मापाचंच लागतं, आणि वाढत्या वयात दोनदा तरी बदलावं लागतं.